संगीत-मासिकाचें पान

आजच्या भाषणाचा विषय आपणांस थोडा चमत्कारिक वाटेल. जी वस्तु केवळ डोळ्यांनींच पाहावयाची, तिच्याविषयीं मी आपल्या कानांशीं बोलणार आहें. संगीताला वाहिलेल्या मासिकाचें पान कसें दिसतें, तें तसेंच कां दिसतें, आणि त्याच्या दिसण्यावर गाणाऱ्याचें काय अवलंबून असतें, हा तो विषय. परंतु विचार केला तर हा चमत्कारिकपणा माझ्या भाषणाचा नसून मूळ वस्तूचाच आहे. संगीत ही कानाची विद्या आणि मासिक ही डोळ्याची वस्तु. येथें, ध्वनिक्षेपकासमोर, आवाज आहे पण पान नाहीं. मासिकांत पान आहे पण आवाज नाहीं. त्या मुक्या पानाला आवाजाची उणीव भरून काढण्यासाठीं काय काय करावें लागतें, हें येथून सांगणें म्हणूनच अगदींच अप्रस्तुत होणार नाहीं.

संगीताचें नियतकालिक ही कल्पना आजची नव्हे. जर्मनींत लाइप्झिग येथें रॉबर्ट शूमान ह्या प्रसिद्ध रचनाकारानें मित्रांच्या साहाय्यानें १८३४ सालीं असें एक पत्र काढलें. लंडन येथें कॉम्टन मॅकेंझी ह्या कादंबरीकारानें १९२३ सालीं ‘ग्रामोफोन’ हें मासिक सुरू केलें. आपल्याकडे हाथरसहून १९३५ सालीं ‘संगीत’ हें हिंदी मासिक निघूं लागलें, आणि १९४७ सालीं गांधर्व महाविद्यालय मंडळाचें ‘संगीत कला विहार’ निघालें. ह्या चौघांचे वाचक निराळे. शूमानचें पत्र टीकेसाठीं होतें. मॅकेंझीचें तबकड्या विकत घेणाऱ्यांसाठीं. आपल्याकडील दोन्हीं मुख्यत्वें शिकणाऱ्या-शिकविणाऱ्यांसाठीं. वाचक बदलला कीं पान बदलतें. टीकेच्या पत्राला मजकुराचे दाट रकाने पुरतात. तबकड्यांच्या मासिकाला नांवें आणि क्रमांक चटकन् सांपडतील अशी मांडणी लागते. परंतु शिकणाऱ्याच्या मासिकाला असें पान लागतें, कीं जें समोर ठेवून प्रत्यक्ष गातां आलें पाहिजे. ही अट फार कठिण आहे, आणि तिचाच विचार मला विशेषेंकरून करावयाचा आहे.

तत्पूर्वीं मुखपृष्ठाविषयीं दोन शब्द. मुखपृष्ठ हें घराच्या ओटीसारखें आहे. आंत कोण राहतें आणि कोणाचें स्वागत होईल, हें ओटीवरूनच कळतें. अमेरिकेंत सॅन फ्रॅन्सिस्को येथून ‘रोलिंग स्टोन’ ह्या पत्राचा पहिला अंक ९ नोव्हेंबर १९६७ ह्या तारखेस निघाला. त्याचा विषय म्हणजे तरुणांचें नवें, गडगडाटी संगीत. कागद साध्या वर्तमानपत्राचा. पण पानांची ठेवण पाहावी तर मोठी सोवळी! मजकुराभोंवतीं एक जाड व एक बारीक अशा जोडरेषांची चौकट, सरळ रकाने, जुन्या वळणाचीं अक्षरें. ही ठेवण त्याच शहरांतील ‘रॅम्पार्ट्स’ ह्या पत्राच्या रविवारच्या आवृत्तीवरून घेतलेली होती. परिणाम असा झाला, कीं ज्या संगीताला थोरामोठ्यांच्या बैठकींत कोणी विचारीत नव्हतें, त्याच्याविषयींचा मजकूर एखाद्या भारदस्त वर्तमानपत्रासारखा दिसूं लागला. हें संगीत विचार करण्याच्या योग्यतेचें आहे, असें लेखकानें शब्दांत सांगण्यापूर्वींच त्या चौकटीनें सांगून टाकलें होतें.

त्याच पत्राचें दुसरें उदाहरण २२ जानेवारी १९८१ च्या अंकाचें. त्यावर गायक जॉन लेनन आणि त्याची पत्नी योको ओनो ह्यांचें छायाचित्र आलें. ॲनी लीबोविट्झ ह्या बाईंनीं तें ८ डिसेंबर १९८० ह्या दिवशीं घेतलें, आणि त्याच रात्रीं लेननचा खून झाला. त्या मुखपृष्ठावर पत्राच्या नांवाखेरीज एकही मथळा घातलेला नव्हता. शोकाच्या घरीं जाणारा शहाणा मनुष्य जसा न बोलतां बसतो, तसें तें पान बसलें होतें. काय छापावें ह्याइतकेंच काय न छापावें हेंही मांडणींत मोडतें, हें ह्यावरून ध्यानांत यावें.

आपल्याकडील मुखपृष्ठावर बहुधा वीणा घेतलेली सरस्वती असते, नाहीं तर एखाद्या गवयाचें छायाचित्र. छायाचित्रांचे दोन प्रकार आढळतात. एकांत बुवा पगडी किंवा टोपी घालून, अंगावर शाल घेऊन, छायाचित्रकाराकडे गंभीरपणें पाहात असतात. दुसऱ्यांत ते गात असतात. हात वर गेलेला, डोळे मिटलेले, मुद्रा थोडी वेडीवांकडी. पहिलें चित्र घरांत लावण्यास शोभतें. परंतु गाण्याविषयीं कांहीं सांगत असेल तर दुसरेंच. आवाज चढवितांना हात कोठें जातो, तंबोरा खांद्याशीं कसा टेकलेला असतो, मागें साथ करणारा शिष्य कोणत्या नजरेनें गुरूकडे पाहतो, हें सारें शिकणाऱ्याच्या उपयोगाचें आहे. संपादकानें दोहोंतून एक निवडावयाचें झाल्यास शोभेपेक्षां उपयोगाकडे पाहावें, असें मला वाटतें.

आतां मुख्य भागाकडे, म्हणजे स्वरलिपीच्या पानाकडे वळूं. येथेंच संगीत-मासिक इतर सर्व मासिकांहून निराळें पडतें.

पाश्चात्य स्वरलिपींत पांच आडव्या रेषा असतात. स्वर उंच झाला कीं टिंब वर चढतें, स्वर उतरला कीं टिंब खालीं येतें. ज्याला ती लिपि मुळींच वाचतां येत नाहीं, त्यालाही त्या पानावर गाण्याचा चढउतार डोंगराच्या रेषेसारखा दिसतो. हा तिचा मोठा गुण. परंतु ती छापण्यास कठिण. व्हेनिस येथें १५०१ सालीं ओत्ताव्हिआनो पेत्रुच्ची ह्यानें खिळ्यांच्या साहाय्यानें संगीताचें पुस्तक छापलें, तेव्हां रेषा एकदां आणि स्वर एकदां, असें तेंच पान यंत्राखालून पुन्हां पुन्हां काढावें लागे. टिंब रेषेवरून केसभर सरकलें तरी स्वर बदलावयाचा.

आपली स्वरलिपि निराळ्या तत्त्वावर उभी आहे. आपण स्वराचें चित्र काढीत नाहीं. स्वराचें नांव लिहितों. सा, रे, ग, म हीं साधीं अक्षरें आहेत. तीं कोणत्याही देवनागरी छापखान्यांतील पेटींत असतात. ज्या गांवीं लग्नपत्रिका छापून मिळते, त्या गांवीं थोड्या खटपटीनें चीजही छापून मिळूं शकते. शिवाय तीं अक्षरें गातांही येतात; पाश्चात्य टिंब गातां येत नाहीं. आणि सा कोठें धरावा हें पान सांगत नसल्यामुळें तेंच पान मुलाला, मुलीला, खर्जाच्या आवाजाच्या गृहस्थाला, सर्वांना सारखेंच चालतें. हे तीन लाभ थोडे नव्हेत. पण त्यांची किंमतही द्यावी लागते. आपल्या पानावर चढउतार दिसत नाहीं. खर्जांतला सा आणि तारेंतला सा एकाच ओळींत, एकाच उंचीवर उभे असतात. त्यांना निराळें करणारा असतो तो फक्त एक ठिपका. एवढा मोठा भार एवढ्या लहान ठिपक्यावर आपण टाकलेला आहे, ही गोष्ट विसरतां कामा नये.

हे ठिपके आणि ह्या रेघा ज्यांनीं बसविल्या ते दोन विष्णु आपणांस ठाऊक आहेतच. पंडित विष्णु नारायण भातखंडे हे १८६० सालीं मुंबईंत वाळकेश्वर येथें जन्मले व १९३६ सालीं वारले. पंडित विष्णु दिगंबर पलुसकर हे १८७२ सालीं कुरुंदवाडास जन्मले व १९३१ सालीं वारले; १९०१ सालीं त्यांनीं लाहोर येथें गांधर्व महाविद्यालय स्थापन केलें. विष्णु दिगंबरांची दृष्टि लहानपणीं दारूकामाच्या अपघातानें अधू झाली होती. ज्यांचे डोळे स्वतःला नीट साथ देत नव्हते, त्यांनीं इतरांच्या डोळ्यांसाठीं एक लिपि तयार करावी, ह्यांत त्यांच्या तळमळीचें माप दिसून येतें.

दोघांचाही हेतु एकच: गुरूच्या घरीं पडून राहण्याची ज्याला सोय नाहीं, त्याच्याही हातीं विद्या पडावी. परंतु दोघांचीं पानें शेजारीं शेजारीं ठेवून पाहा. भातखंड्यांच्या पानावर स्वरावर ठिपका दिसला तर तो तार सप्तकाचा. विष्णु दिगंबरांच्या मूळ पद्धतींत तोच ठिपका मंद्र सप्तकाचा. भातखंड्यांकडे मध्यमावर उभी रेघ आली कीं तो तीव्र झाला. विष्णु दिगंबरांकडे स्वरावरची उभी रेघ तार सप्तक दाखविते. एकाकडे स्वराखालील आडवी रेघ म्हणजे कोमल स्वर. दुसऱ्याकडे स्वराखालील आडवी रेघ म्हणजे एक मात्रा. एकाकडे शून्य म्हणजे तालांतील खाली. दुसऱ्याकडे शून्य म्हणजे अर्धी मात्रा. एकाकडे गुणाकाराची फुली ही सम. दुसऱ्याकडे अधिकाची फुली ही खाली. ह्या दोन फुल्यांत, झिजलेल्या खिळ्यानें छापल्यावर, फरक तो किती राहणार? एका घराण्याच्या विद्यार्थ्यानें दुसऱ्याचें मासिक उघडलें तर त्याला तें पान अनोळखी वाटत नाहीं. तेंच वाईट. अनोळखी वाटतें तर तो सावध झाला असता. ओळखीचें वाटतें म्हणून तो फसतो. ज्या मासिकांत दोन्हीं पद्धतींच्या चिजा येतात, त्यानें प्रत्येक चिजेच्या डोक्यावर पद्धतीचें नांव आणि अंकाच्या आरंभीं चिन्हांची किल्ली छापणें, हें सौंदर्याचें काम नसून प्रामाणिकपणाचें काम आहे.

ह्याहून खोल फरक काल दाखविण्याच्या रीतींत आहे. विष्णु दिगंबरांच्या पानावर प्रत्येक स्वर आपली मात्रा आपल्याबरोबर घेऊन फिरतो. त्याच्या पायाशीं चिन्ह असतें, आणि त्यावरून तो किती वेळ थांबावयाचा हें कळतें. भातखंड्यांच्या पानावर स्वराचा काल त्याच्या जागेवरून कळतो. पान म्हणजे एक तक्ता. तीन ताल असेल तर सोळा मात्रांच्या सोळा जागा, चारचारांनंतर उभी रेघ. वरच्या ओळींत स्वर, त्याखालीं चिजेचे शब्द, त्याखालीं तालाचीं चिन्हें. एका मात्रेंत दोन किंवा चार स्वर आले तर त्यांना खालून एका कमानीनें बांधतात. स्वर लांबला तर आडवी रेघ, शब्द लांबला तर अवग्रह. पहिल्या रीतींत काल मोजावा लागतो. दुसऱ्या रीतींत तो दिसतो. पहिली रीत फार सूक्ष्म हिशेब ठेवूं शकते. दुसरी एका दृष्टिक्षेपांत समजते. दुसरीचा प्रसार अधिक झाला त्याचीं कारणें अनेक असतील, पण हा दिसण्याचा सुलभपणा त्यांपैकीं एक खास असावा.

ह्या तक्त्यांत एक मोठी मौज आहे. कित्येक चिजा समेवरून उठत नाहींत. तीन तालांत पुष्कळ चिजांचा मुखडा खालीवर, म्हणजे नवव्या मात्रेवर उठतो. तेव्हां छापणारा ओळीचा आरंभ खालीच्या खणापासून करतो, आणि समेची फुली ओळीच्या मध्यावर येते. वाचणाऱ्याचा डोळा डावीकडून निघतो आणि त्या फुलीकडे ओढला जातो, जसा गाणारा समेकडे ओढला जातो. प्रत्येक ओळींत ती फुली त्याच उभ्या रेषेंत, एकीखालीं एक उभी असते. हीच ओळ समेपासून आरंभिली, तर हिशेब बिनचूक राहील, पण मुखडा दोन तुकड्यांत फुटेल आणि चिजेचा उठाव डोळ्याला दिसणार नाहीं. तेच स्वर, त्याच मात्रा. केवळ ओळ कोठें तोडली एवढ्यानें एक पान गातें आणि दुसरें पान नुसतें मोजतें.

आतां छापखान्यांत जाऊं. देवनागरी अक्षरांना आधींच वर मात्रा, वेलांट्या, अनुस्वार आणि खालीं उकार असतात. त्यांवर आपण वरचे ठिपके, खालचे ठिपके, रेघा, कमानी आणि बारीक कणस्वर चढवितों. तारेंतल्या ‘ग’वरील ठिपका अनुस्वारासारखा दिसतो, तारेंतला ‘रे’ तर अगदीं ‘रें’ होऊन बसतो. मंद्रांतला कोमल धैवत आला तर त्याच्या पायाशीं रेघही हवी आणि ठिपकाही हवा. शिशाच्या खिळ्यांच्या काळीं जुळाऱ्याला ही कसरत बोटांनीं करावी लागे. जुळारी बिचारा गवई नव्हे. त्याला ती रेघ म्हणजे एक रेघ. आज संगणकानें हें काम पुष्कळ सोपें झालें आहे, पण ठिपका पडावयाचा तेथें न पडला तर यंत्रही तक्रार करीत नाहीं.

ह्याचा अनुभव मीं स्वतः घेतला आहे. लहान गांवांत असतांना, शिकविणारें कोणी नाहीं म्हणून, एका मासिकांतून मीं यमनाची एक चीज बसविली. यमनांत मध्यम तेवढा तीव्र, बाकी सर्व स्वर शुद्ध, हें आपण जाणतांच. म्हणजे मध्यमावरील ती एक उभी रेघ गेली कीं यमनाचा बिलावल थाट झाला. त्या पानावर अस्ताईंत रेघा होत्या. अंतऱ्यांत एके ठिकाणीं नव्हती. यमनकल्याणांत दोन गंधारांमध्यें शुद्ध मध्यम लागतो असें मीं कोठेंसें ऐकलें होतें. त्यामुळें तो मध्यम मला चूक न वाटतां मोठें मर्म वाटला. मीं तो घोटून घोटून पक्का केला, आणि पुढें तालुक्याच्या गांवीं एका वृद्ध बुवांसमोर मोठ्या ऐटीनें म्हटला.

बुवांनीं तंबोरा थांबविला. “अरे, हा मध्यम कोणाचा?” त्यांनीं विचारलें.

“बुवा, मासिकांत तसा छापला आहे.”

“छापला असेल. पानाला कान नसतात, बाबा; तुला आहेत ना?”

मासिकावर मी रागावलों नाहीं. त्याच पानानें मला चीज दिली होती. तें नसतें तर मी बुवांपर्यंत पोहोंचलोंच नसतों. पण तो मध्यम गळ्यांतून काढावयास मला सहा महिने लागले. कथेंत एक अक्षर चुकलें तर वाचक तें मनांत दुरुस्त करून पुढें जातो. स्वरलिपींत रेघ चुकली तर ती वाचकाच्या गळ्यांत उतरते, आणि त्याच्या गळ्यांतून त्याच्या शिष्यांच्या. म्हणून संगीत-मासिकाचीं मुद्रितें केवळ वाचून भागत नाहीं. तीं गाऊन तपासलीं पाहिजेत. दोन माणसांनीं बसावें. एकानें मूळ लेख समोर धरावा, दुसऱ्यानें छापील पान पाहून गावें. वेळ लागतो खरा, पण दुसरा उपाय नाहीं.

आणखी एक साधी गोष्ट. मासिक वाचणारा मनुष्य दोन्ही हात मोकळे घेऊन बसतो. स्वरलिपि गाणाऱ्याचा एक हात तंबोऱ्यावर आणि दुसरा तालावर असतो. त्याची अस्ताई उजव्या पानाच्या तळाशीं संपली आणि अंतरा पान उलटून मागें, तोही एखाद्या पेटीवाल्याच्या जाहिरातीखालीं, गेला, तर त्यानें पान उलटावें कशानें? जाहिराती नकोत असें मी म्हणत नाहीं. त्यांवरच कित्येक मासिकें जगलीं. पण एक चीज समोरासमोरच्या दोन पानांत मावली पाहिजे, आणि मावत नसेल तर तिच्यासाठीं लेखाच्या चार ओळी कमी कराव्या. तसेंच अक्षर. लेख आपण हातभर अंतरावरून वाचतों. स्वरलिपि मांडीपुढें जमिनीवर ठेवलेली असते. तिचें अक्षर लेखाच्या अक्षरापेक्षां मोठें हवें. पुष्कळ ठिकाणीं कागद वांचविण्यासाठीं नेमकें उलट करतात.

शेवटीं पानाच्या मर्यादेविषयीं. द्रुत चिजेचा सांगाडा ह्या तक्त्यांत बराचसा सांपडतो. परंतु विलंबित ख्यालांत स्वर मात्रेच्या खणांत मुकाट्यानें बसत नाहीं. तो थोडा आधीं येतो, थोडा रेंगाळतो, दोन स्वरांमधून ओघळतो. मींड दाखवावयास आपण कमान काढतों. पण कमान हें मींडीचें नांव आहे, मींड नव्हे. ह्यावर कांहींजण अधिकाधिक चिन्हें काढतात, आणि पान इतकें भरून जातें कीं चीज त्यांत हरवते. मला वाटतें, जें छापतां येत नाहीं तेथें पानानें मोकळी जागा ठेवावी. ओळींमध्यें चांगलें अंतर असावें, कांठ रुंद असावा. म्हणजे विद्यार्थी गुरूकडे गेल्यावर तेथें पेन्सिलीनें खूण करील. माझ्यापाशीं बुवांच्या हातच्या अशा खुणा असलेलीं कांहीं पानें आहेत. त्या मध्यमावरही त्यांनीं स्वतः रेघ ओढलेली आहे. छापील सर्व चिन्हांपेक्षां त्या वांकड्या रेघेनें मला अधिक शिकविलें. परंतु ती ओढण्यास खालीं छापील ‘म’ होता आणि भोंवतीं जागा होती, हेंही खरें.

तेव्हां, श्रोतेहो, पुढच्या वेळीं एखादें संगीत-मासिक हातीं आलें, तर त्यांतील चित्रें पाहून लगेच पान उलटूं नका. स्वरलिपीचें पान काढा, तें जमिनीवर ठेवा, समोर बसा, आणि पाहा: समेची फुली सांपडते काय? मुखडा एका ओळींत आहे काय? ठिपके स्पष्ट आहेत काय? अंतरा हात न हलवितां दिसतो काय? चारही प्रश्नांचें उत्तर होकारार्थी आलें, तर कोठल्या तरी छापखान्यांत एका जुळाऱ्यानें आणि एका संपादकानें आपल्यासाठीं पुष्कळ कष्ट घेतले आहेत असें समजा. आणि नकारार्थी आलें, तर संपादकाला एक पत्र लिहा. तें त्याला हवेंच असतें. कारण त्याचें पान कसें दिसतें हें त्याला दिसतें, पण तें कसें ऐकूं येतें, हें वाचकानें कळविल्याखेरीज त्याला कळण्याचा मार्ग नाहीं.